बाकीचे आजार रजेवर होते काय?

परवा आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये उभा होतो. माझ्या पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ. खोकत खोकत म्हणाले, "ॲझिथ्रोची एक पट्टी दे, पाच डोलो आणि एखादं खोकल्याचं औषध." पोरानं विचारलं, "पाचशेची ना काका?" झालं. ना चिठ्ठी, ना डॉक्टर. मी उगाच नाक खुपसलं, "किती दिवस आहे खोकला?" "असेल महिनाभर. काही नाही हो, कोरोनात हेच घेतलं होतं. पाच दिवसांत खडखडीत." पैसे दिले आणि पायरी उतरता उतरता कडेला पचकन थुंकले.

मास्क गेला, हात धुणं गेलं, रांगेतलं अंतर गेलं. रस्त्यावर थुंकू नये हे तर कधी आलंच नव्हतं. मग राहिलं काय? औषधांची नावं तोंडपाठ आणि डॉक्टरची पायरी चढायचा कंटाळा. टिकवायचं ते टाकलं आणि टाकायचं ते जपून ठेवलं. आणि तरी व्याख्यानांतून, दिवाळी अंकांतून ऐकवलं जातं की महामारीनं आपल्याला आरोग्याबद्दल जागरूक केलं. हे वाक्य कानावर पडलं की मला माझ्या आत्याचा पाय आठवतो.

एप्रिल २०२०. आत्या बासष्टची, वीस वर्षांचा मधुमेह. पण बाई शिस्तीची. महिन्याला साखर, तीन महिन्यांनी पाय तपासून घेणार म्हणजे घेणार. नव्या चपलेनं करंगळीशेजारी फोड आला. नेहमीच्या डॉक्टरांच्या शटरवर कागद डकवलेला : 'पुढील सूचनेपर्यंत दवाखाना बंद. तातडीचे असल्यास फोन करावा.' फोन केला. फोटो पाठवा म्हणाले. नातीनं पाठवला. अंधाऱ्या खोलीत हलत्या हातानं काढलेल्या त्या फोटोत पाय आहे की सुरण, हेही कळत नव्हतं. गोळ्या लिहून आल्या आणि ताकीद आली : हॉस्पिटलकडे अजिबात फिरकू नका, तिथंच लागण होते. मग आत्या घरात बसून प्रतिकारशक्ती वाढवू लागली. सकाळ-संध्याकाळ काढा. आयुष मंत्रालयाच्या सल्ल्यात काढ्याला चवीपुरता गूळ चालेल असं होतं; आमच्या घरानं चव जरा जास्तच सांभाळली. वीस वर्षं चहात साखर न घातलेल्या बाईला आम्ही, तिच्या काळजीपोटी, दिवसातून दोनदा गूळ पाजत होतो.

जूनमध्ये बोट काळं पडलं. हॉस्पिटलच्या दारात पहिला शब्द : आधी स्वॅब. रिपोर्टला तीन दिवस लागले. निगेटिव्ह आला. आम्ही सुस्कारा सोडला, शेजाऱ्यांना आनंदानं कळवलं. दोन बोटं कापावी लागली, हे मग हळू आवाजात सांगितलं. रोज संध्याकाळी टीव्हीवर बाधितांचा, बऱ्या झालेल्यांचा, मृतांचा आकडा यायचा. आत्या कुठल्याच रकान्यात नव्हती.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. तेही पासष्टीचे, अंगावर घालायला धड किट नाही, घरात म्हातारी आई. माणूस घाबरला हे समजतं. भीतीचंच धोरण झालं, हे मात्र आजही पचत नाही.

आत्या एकटी नव्हती. २०१९ साली देशात क्षयाच्या २४.०४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली १८.०५ लाख. सहा लाख रुग्ण एका वर्षात गायब! जंतूंनीही घरून काम सुरू केलं होतं म्हणायचं. खरी गोष्ट साधी आहे. थुंकीतला क्षय पकडणारी सीबीनॅट यंत्रं कोरोनाच्या तपासणीला जुंपली, क्षयाचे कर्मचारी कोरोनाच्या कामाला गेले. आणि ज्याला खोकला होता, तो उशीत तोंड खुपसून खोकला. नोंद कमी झाली, रोग नव्हे. तो रोग तेवढ्या दिवसांत त्याच खोलीत झोपणाऱ्या बायकोपोरांना वाटला जात होता.

लेकरांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार त्रिगुणी (डीपीटी) लशीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली बालकं भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती, २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली. अशा चुकलेल्या लशी फुकट जात नाहीत, व्याजासकट परत येतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवर उसळला, भिवंडी-मालेगावात उसळला, लेकरं दगावली. तेव्हा चॅनेलवरच्या विद्वानांनी आईबापांच्या अज्ञानाला बोल लावला. ज्या वर्षी घराबाहेर पडलं की पोलिसांची काठी बसत होती, त्या वर्षी टोचायला का नेलं नाही, असा जाब त्या आईबापांना विचारायलाही तोंड लागतं!

लोक आजार का लपवत होते, हेही विचारा की. मार्च २०२० मध्ये सरकारनं विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्के मारले. इमारतींना पत्रे ठोकले. रुग्णवाहिका आली की अख्खी गल्ली गॅलरीत उभी राहून मोबाइलवर चित्रण करायची. अशा गावात कोण सांगेल, मला ताप आहे म्हणून? १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून झडती घ्यायचे, तेव्हाही लोकांनी आपले आजारी असेच दडवले होते. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा आपण २०२० मध्ये पेटीतून काढून वापरला. कायदा तोच, लपणंही तेच. सव्वाशे वर्षांत आपण शिकलो ते पत्रे ठोकायला.

मग आलं २०२१ आणि नाण्याची दुसरी बाजू दिसली. आदल्या वर्षी ज्यांना गरज होती ते दवाखान्यात पोचले नाहीत. आता ज्यांना परवडत होतं त्यांनी गरज नसताना सगळं विकत घेतलं. त्यांत मीही होतो, तेव्हा आव आणत नाही. दोन दिवस कणकण आली, तर मी स्वतःच्या मनानं छातीचा एचआरसीटी काढून आलो. 'स्कोर' आला पंचवीसपैकी तीन. तो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. शुभेच्छा आल्या. त्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली होती. महाराष्ट्रात मार्क फक्त फुफ्फुसांना मिळत होते.

रेमडेसिव्हिरचं तेच. भरती झालेल्या रुग्णांना ते देण्याची शिफारस नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं होतं. पाच महिन्यांनी, एप्रिलच्या उन्हात, पुण्यात त्याच बाटलीसाठी माणसं रात्रीपासून रांगेत होती, कोणी दागिने मोडत होतं, कोणी काळ्या बाजारात हजारो मोजत होतं. चिठ्ठी कोण लिहून देत होतं? डॉक्टरच. आणि लिहून दिली नाही तर भांडत कोण होतं? आम्हीच. स्टेरॉइडच्या गोळ्यांची यादी व्हॉट्सॲपवर फिरली, पुतण्यानं काकाला दिली, काकानं मेहुण्याला. त्यात ज्यांची साखर भडकलेली होती, त्यांच्यातल्या कित्येकांना काळ्या बुरशीनं गाठलं, डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले. तीन आकड्यांतली साखर मोजायला घरात साधी पट्टी नव्हती. ऑक्सिमीटर मात्र माणशी एक होता.

कोणी म्हणेल, त्या वेळी कोणाला काय कळत होतं? मार्च २०२० मध्ये नव्हतं कळत, मान्य. पण गोवर लस थांबवू नये, मधुमेह्याची जखम उघडी ठेवू नये, महिन्याचा खोकला क्षयाचा असू शकतो, हे कळायला कुठली नवी विद्या लागत होती? २०२० च्या सप्टेंबरमध्ये आशाताई दारोदार आल्या, एका हातात तापमापी, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर. मोहिमेचं नाव 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. छान. मग सरकारची जबाबदारी कोणाचं कुटुंब? त्याच आशांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं. आम्ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी थाळ्या वाजवून आधीच मोकळे झालो होतो.

पुढची साथ येईल तेव्हा मला ना भाषण हवं, ना पणती. तालुक्याची ओपीडी उघडी राहील, लसीकरणाचा वार चुकणार नाही आणि क्षयाच्या माणसाला दुसऱ्या कामाला जुंपणार नाही, एवढं लेखी द्या. आणि आपण, शहाण्या माणसांनी, मेडिकलच्या दुकानातली आपली डॉक्टरकी बंद करावी.

त्या गृहस्थांच्या मागे मी रस्त्यापर्यंत गेलो. म्हटलं, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासायची असते. ते म्हणाले, बघू. तुमच्या घरात असं कोणी खोकत असेल तर 'बघू' म्हणू नका. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते, आणि निघालाच क्षय, तर औषधंही फुकट मिळतात.