मेल 'प्रोफेशनल' झाला, पण मुद्दा कुठे गेला?

ऑफिसच्या मेलचा टोन ठरवायलाही आता बटण आहे. जीमेलमध्ये २०२३ साली 'हेल्प मी राइट' आलं. त्यात मजकूर 'फॉर्मलाइज' करता येतो. आयफोनवर २०२४ पासून 'फ्रेंडली', 'प्रोफेशनल', 'कन्साइज' असे पर्याय आहेत. आउटलुकमधला कोपायलट तर पाठवण्याआधी मेलचा टोन कसा वाटतोय तेही सांगतो. सोय आहे, यात वाद नाही. पण ही टूल्स नेमकं काय करतात?

२०१५ मध्ये क्रोमसाठी 'जस्ट नॉट सॉरी' नावाचं एक्स्टेन्शन आलं होतं. 'जस्ट', 'सॉरी', 'आय थिंक' असे शब्द दिसले की ते खाली रेघ मारायचं. शब्द ठेवायचा की काढायचा, ते तुम्ही ठरवायचं. आताची टूल्स अख्खं वाक्यच नव्याने लिहून देतात. त्यामागचं मॉडेल पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, त्यावर चालतं. म्हणून लिखाण बऱ्याचदा गुळगुळीत होतं. हेच काम तिसऱ्यांदा लांबलंय, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं?

आपल्याकडे आणखी एक गोची आहे. 'फाइल शुक्रवारपर्यंत पाठवा' म्हटलं की मान त्या 'पाठवा'मध्येच आला. इंग्रजी क्रियापदात तो दिसत नाही, म्हणून आपण 'काइंडली', 'सॉरी टू डिस्टर्ब' जोडत सुटतो. त्यावर 'प्रोफेशनल' दाबलं की 'शुक्रवारपर्यंत'चं 'सोयीनुसार' होऊ शकतं. मग फाइल येते सोमवारी आणि उशिराचं उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर.

म्हणून टूलला नुसतं 'प्रोफेशनल कर' म्हणू नका. 'तारीख आणि कारण बदलू नकोस, फक्त व्याकरण तपास' असं सांगा. 'सेंड' दाबण्याआधी तीन गोष्टी बघा: काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि नाही मिळालं तर काय अडेल.

उदाहरणार्थ, 'शुक्रवारी ४ वाजेपर्यंत फाइल मिळाली नाही, तर सोमवारचं रिलीज मंगळवारवर जाईल.' यात उद्धटपणा कुठेच नाही, नुसती माहिती आहे. सुरुवातीला 'प्लीज' लावा, बिघडत नाही. तारीख तेवढी हलू देऊ नका. महिन्याभराने मीटिंगमध्ये कुणी 'आम्हाला सांगितलंच नव्हतं' म्हणालं, तर हेच वाक्य उघडून दाखवता येईल.