पदक आणि पद

आमच्या वसतिगृहातील काही मुले उन्हाळ्याच्या सुटीत गावच्या विहिरीत पोहायला शिकून येतात. पाठीला डबा बांधायचा आणि काका-मामांनी काठावरून ढकलून द्यायचे, हीच वर्धा जिल्ह्यातील खेड्यांची जलतरणशाळा. त्यांतील एखाद्याने शर्यतीचा ध्यास घेतलाच, तर आम्ही आजवर एकच स्वप्न दाखवीत आलो: खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के जागा राखीव आहेत, मेहनत कर, नोकरी लागेल.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांची कारकीर्द पाहिली की या उपदेशाविषयी आम्ही साशंक होतो. वयाची सतरा वर्षेही पूर्ण झाली नसताना, २००८ मध्ये, ते बीजिंग ऑलिंपिकमध्ये मुक्तशैलीच्या ५०, १०० आणि २०० मीटर शर्यतींत उतरले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. खजानसिंग यांच्या १९८६ च्या रौप्यपदकानंतर जलतरणात भारताला मिळालेले हे पहिलेच आशियाई पदक. राज्यशासनाने त्यांना तहसीलदारपद दिले. हेतू चांगलाच होता; पण महसुलाच्या फायली आणि पहाटेचा तलाव यांचे जमेना, आणि ऐन उमेदीची वर्षे सरावाविना गेली. तरीही ते परतले. २०१८ मध्ये जकार्ता येथे ५० मीटर मुक्तशैलीच्या प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत चौथा क्रमांक आला. कांस्यपदक हुकले ते ०.०१ सेकंदाने. गेलेली वर्षे हाती असती तर पदक आलेच असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण ही एक शतांशाची उणीव कोणाच्या खाती मांडावी?

खुर्चीला नावे ठेवणे आम्हांस शोभणारे नाही. दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात दिवस काढलेल्या शेतमजूर बापाला, आपला मुलगा आत बसावा असे वाटले तर त्यात गैर काय? नोकरी द्यावीच. मात्र पगारासोबत सरावाची पूर्ण रजा हक्काने मिळावी आणि खुर्चीचे काम खेळ थांबल्यावर सुरू व्हावे. रेल्वे आणि सेनादले आपल्या खेळाडूंना सरावासाठी मोकळीक देत आली आहेत. महसूल खात्यालाच ते का जमू नये?

येत्या जूनमध्ये मुले परततील, तेव्हा डब्याविना पोहणाऱ्यांची वेगळी यादी करावी, असे आम्ही क्रीडाशिक्षकांना सुचविले आहे. शतांश मोजणारे घड्याळ मात्र विकत घ्यावे लागेल.