दोन रायकर, एक आठवण

‘स्टार ट्रेक’वर तत्त्वज्ञ मंडळी निबंध लिहितात, त्यातल्या निम्म्या वादांचं मूळ चक्क काटकसरीत आहे. १९६६ साली मालिका सुरू झाली तेव्हा दर भागात यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. म्हणून माणसाला इथे विरघळवून तिथे उभा करणारा ट्रान्सपोर्टर आला. पैसे वाचले, प्राध्यापकांना मात्र जन्माचं काम लागलं. पलीकडे उतरला तो तोच, की त्याची हुबेहूब प्रत? तत्त्वज्ञ डेरेक पारफिटनं १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये असंच यंत्र कल्पून विचारलं, की प्रत मंगळावर पोहोचली आणि मूळ माणूस पृथ्वीवरच उरला, तर? ‘स्टार ट्रेक’च्याच ‘सेकंड चान्सेस’ या १९९३च्या भागात यानावरचा अधिकारी रायकर याचं नेमकं हेच झालं. एक बढत्या घेत पुढे गेला. दुसरा आठ वर्षं ओसाड ग्रहावर अडकला, प्रेयसी डियाना ट्रॉयची ओढ तशीच जपत. खरा कोणता? पारफिट म्हणेल, हा प्रश्नच पोकळ; मोल आहे ते आठवणींच्या, स्वभावाच्या सलगतेला. बुद्धालाही हे पटलं असतं, असं त्यानं लिहिलंय. मला मात्र निम्मंच पटतं. आठवणी दोघांच्या सारख्याच, पण ट्रॉयला न भेटता नोकरीमागे जाणारा एकच. त्याचा हिशेब दुसऱ्यानं का द्यावा? पहिल्या मालिकेतला डॉक्टर मॅककॉय त्या यंत्रात पाय ठेवताना कायम कुरकुरायचा, ते उगाच नाही.