क्लबात करमणूक, गल्लीत गुन्हा

जुगार हा गुन्हा आहे की करमणूक, हे तो कोण आणि कोठे खेळतो यावरून ठरावे, ही आपल्या राज्यकर्त्यांची जुनी नीती आहे. बंगळुरात तिचा अस्सल नमुना पाहावयास मिळतो. रस्त्याच्या कडेला पैसे लावून पत्ते खेळणारा हमाल १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्याखाली पकडला जातो. शहराच्या मध्यभागी रेसकोर्सच्या कुंपणाआड घोड्यावर लावलेला पैसा मात्र त्याच कायद्याच्या व्याख्येत जुगार ठरत नाही!

या भेदभावाला 'कौशल्य' असे भारदस्त नाव मिळाले आहे. १९६८ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. परंतु क्लबचालक पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या डावातून नफा कमावीत असल्यास गुन्हा सिद्ध होऊ शकेल, हेही न्यायालयाने त्याच निकालात बजावले होते. क्लबवाल्यांना निकालाचा पूर्वार्ध मुखोद्गत आहे. उत्तरार्धाचे त्यांना सोयीस्कर विस्मरण होते.

यंत्रे आली आणि कौशल्याचा हा बुरखाही फाटला. बंगळुरात व्हिडिओ गेमची यंत्रे चालविणाऱ्या धंदेवाल्यांनी आपल्याला परवान्याची गरजच नाही, असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९९५ साली न्यायालयाने तो फेटाळला. पत्त्यांच्या डावात निदान समोर माणूस असतो. पैशाच्या यंत्राच्या पोटात मालकाचा वाटा आधीच बसविलेला असतो. अधूनमधून खेळणारा जिंकतो. पण दीर्घकाळ खेळणाऱ्याने हरणे हा दैवाचा खेळ नव्हे, ती यंत्राची रचनाच आहे.

"मग परवाना देऊन नियंत्रण ठेवा; सभासदांच्या बंद दाराआडच्या करमणुकीने कोणाचे काय बिघडते?" असा युक्तिवाद आता केला जातो. गोव्याचा अनुभव याला उत्तर देतो. तेथे १९७६ च्या जुगारबंदी कायद्याला १९९२ साली एक लहानसे भोक पाडण्यात आले: पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा. १९९६ साली जहाजांवर टेबलांवरील जुगारालाही मुभा मिळाली. आज पणजीसमोर मांडवीच्या पात्रात कॅसिनो तरंगत आहेत. महाराष्ट्राने तर १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधीच अंमलात आला नाही, तरीही रद्द व्हावयास २०२३ साल उजाडावे लागले.

महसुलाचा युक्तिवाद याहून लबाड आहे. कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे सरकार या धंद्याचे पहारेकरी राहिले नाही, भागीदार झाले. कर्नाटकाने २००७ साली लॉटरी बंद केली, म्हणून राज्याची तिजोरी बुडाली काय?

बंदीच्या गर्जनाही तपासून घेतल्या पाहिजेत. कर्नाटकाने २०२१ साली पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण घोड्यांच्या शर्यतीची सवलत शाबूत ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने या दुरुस्तीतील बंदीची कलमे रद्द केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. क्लबांची टेबले आणि रेसकोर्स त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. प्रतिष्ठितांच्या दाराशी येताच कायद्याचे पाऊल अडखळते!

बंगळूर क्लबच्या १८९९ च्या नोंदवहीत लेफ्टनंट विन्स्टन चर्चिल यांच्याकडील १३ रुपये वसूल न होणारे म्हणून सोडून दिल्याची नोंद आहे. साहेबाचे देणे क्लब सोडून देतो. यंत्रापुढे पगार हरलेल्या कामगाराचे देणे सावकार सोडत नाही. त्याची वसुली घरातल्या बायकामुलांच्या पोटातून होते.

श्रीमंतांप्रमाणे गरिबांनाही जुगाराची मुभा द्या, अशी आमची मागणी नाही. कोणत्याही क्लबाला वा हॉटेलला पैशाच्या यंत्राचा परवाना देऊ नये. क्लबांचे हिशेब तपासून १९६८ च्या निकालाचा उत्तरार्ध अंमलात आणावा. रेसकोर्सची सवलत काढावी. आणि शिक्षा रस्त्यावर सापडलेल्या मजुराला नव्हे, नफा खिशात घालणाऱ्या मालकाला व्हावी. कामगार वस्त्यांत, युनियनच्या सभांत हा प्रश्न नेटाने मांडला पाहिजे. हा नीतिपाठाचा विषय नाही. कष्टकऱ्याच्या मजुरीच्या रक्षणाचा आहे.