गाडीवरचा सौरसंच: पॅनेल स्वस्त झाले, पण वायर आणि फ्यूजचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तांब्याच्या वायरवरील १८ टक्के कर मात्र तसाच राहिला. त्यामुळे थेट भाजीविक्री करणारे अनेक जण पिकअपच्या टपावर पॅनेल बसवून घेत आहेत, आणि काटकसर होते ती नेमकी वायरमध्ये. ही काटकसर महागात पडते.

अलीकडे एका शेतकरी गटाची पिकअप पाहिली. २०० वॅटचे पॅनेल, १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, ५०० वॅटचा इन्व्हर्टर, सगळे चांगल्या प्रतीचे. पण बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत घरगुती २.५ स्क्वेअर एमएमची वायर होती. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. ‘घरी याच वायरवर मिक्सर चालतो,’ असे मला सांगण्यात आले.

चूक इथेच होते. घरात २३० व्होल्टवर ५०० वॅटला सव्वादोन अँपिअर पुरतात. १२ व्होल्टवर त्याच ५०० वॅटला, इन्व्हर्टरमधील घट धरून, सुमारे ५० अँपिअर लागतात. वायर वॅटने नव्हे, अँपिअरने तापते.

आता व्होल्टेजची घट काढू. वायरची एकेरी लांबी (मीटर) × २ × अँपिअर × ०.०१८ हा गुणाकार करा आणि त्याला वायरच्या स्क्वेअर एमएमने भागा. वरच्या गाडीत अंतर २ मीटर होते, म्हणजे घट १.४४ व्होल्ट. बॅटरीवर १२ असले तरी इन्व्हर्टरला साडेदहाच मिळतात. तो ओरडायला लागतो आणि दोष बॅटरीला जातो. तिथे १६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर घट पाव व्होल्टपेक्षाही कमी राहते. घट ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्टपर्यंत ठेवावी. ६० वॅटचा १२ व्होल्टचा फ्रीज ५ अँपिअर घेतो. अंतर ६ मीटर असेल तर १.५ ची वायर ०.७२ व्होल्ट खाते, ४ ची ०.२७. पालेभाजी ताजी राहावी म्हणून फ्रीज घेतला असेल, तर ही वायर सोडू नका.

वायर घेताना टोक सोलून चाकूने खरवडून पाहा. आत चांदीसारखी चमक दिसली तर ते तांबे चढवलेले ॲल्युमिनियम असू शकते. त्याच जाडीत ते तांब्याच्या जवळपास दोन-तृतीयांश इतकीच वीज वाहते. (कथिलाचा मुलामा दिलेली चांगली वायरही वरून पांढरी दिसते, पण खरवडल्यावर तांबडी निघते.) हादऱ्याने एकेरी जाड तार तुटते, म्हणून बहुतारी वायरच घ्या. टोकांना लग दाबून बसवा, पीळ देऊन चिकटपट्टी लावू नका. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच हवेच.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. नेहमीच्या प्रवाहाच्या सव्वापट, पण वायरच्या क्षमतेपेक्षा कमी, असा तो निवडावा. वरच्या इन्व्हर्टरला १६ च्या वायरवर ६० अँपिअरचा फ्यूज योग्य. फ्रीजला सुरुवातीचा धक्का धरून १० चा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवावा. तो इन्व्हर्टरपाशी बसवला तर मधली सगळी वायर उघडी पडते. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर सोडू शकते. म्हणून मुख्य जागी काचेचा छोटा फ्यूज किंवा घरातला एसीचा एमसीबी नको. डीसीचे व्होल्टेज आणि प्रवाह तोडण्याची क्षमता छापलेला फ्यूज मागा.

एकच पॅनेल असेल तर पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये फ्यूजची गरज नसते. समांतर जोडलेली तीन किंवा जास्त पॅनेल असतील तर प्रत्येकाला वेगळा लागतो. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामध्ये मात्र नेहमीच हवा.

गाडीत आधीच संच बसवला असेल तर पूर्ण भार सुरू करून मल्टीमीटरने बॅटरीच्या टोकांवर आणि नंतर इन्व्हर्टरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक ०.३६ पेक्षा जास्त आला, किंवा पंधरा मिनिटांनी वायर वा लग हाताला चटका देऊ लागला, तर भार बंद करा. आधी जोड तपासा, मग वायर बदला. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असेल तर मोजणीसाठीही थांबू नका, ती आजच काढा.