बारशाचा दिनविशेष

मराठी माणसाला दोन कामं जन्मजात येतात : नाव ठेवणं आणि नावं ठेवणं. पहिलं काम आयुष्यात दोन-तीनदाच वाट्याला येतं, म्हणून उरलेल्या वेळात तो दुसरं करीत असतो. मी आज दोन्हींची गाठ घालणार आहे. म्हणजे, मुलांची नावं ठेवण्याची हल्ली जी नवी तऱ्हा निघाली आहे, तिला नावं ठेवणार आहे.

तऱ्हा अशी. मूल जन्माला आलं की बाप आधी मुलाचं तोंड पाहत नाही, मोबाईल पाहतो. आजच्या तारखेला जगात कोण कोण थोर जन्मलं त्याची यादी काढतो. त्यातला एक थोर निवडतो आणि त्याचं नाव चिरंजीवांना चिकटवून मोकळा होतो. कारण विचारलं तर म्हणतो, "योग बघा ना! एकच तारीख!"

दिनविशेष आम्हीही वाचत आलो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात तो असायचा, सकाळी रेडिओवर सांगायचे आणि १९७३ साली कालनिर्णय भिंतीवर आल्यापासून जयंत्या-पुण्यतिथ्या तर घरातच राहायला आल्या. पण तो चहाबरोबर वाचायचा आणि चहाबरोबरच संपवायचा मजकूर होता. त्यातून कुणी पाळणा हलवला नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. थोर माणसाच्या वाढदिवशी जन्मणं हा योगायोग. आणि त्यावरून नाव ठेवणं म्हणजे बँकेच्या रांगेत आपल्या पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पासबुकावर आपला हक्क सांगणं. साहेब, रांग एकच होती हे खरं, पण खातं त्याचं आहे!

आता १२ फेब्रुवारी ही तारीख घ्या. १८०९ साली या एकाच दिवशी अब्राहम लिंकन आणि चार्ल्स डार्विन जन्मले. १९२० साली त्याच तारखेला प्राण जन्मला, तोच तो, पडद्यावर नायिकेच्या जिवाला घोर लावणारा. आणि १९४९ साली गुंडाप्पा विश्वनाथ. एकानं गुलाम सोडवले, दुसऱ्यानं माकडाशी आपलं नातं लावलं, तिसऱ्यानं हिरोला छळलं, चौथ्यानं स्क्वेअर कट मारला. या दिवशी रत्नागिरीत मुलगा झाला तर बाप काय करील? लिंकन ठेवणार नाही, डार्विन ठेवणार नाही, प्राण तर नाहीच नाही. विश्वनाथ ठेवील. मग निवड तारखेनं केली की बापानं? बापानंच केली. तारखेनं नुसती सही केली. शिवाय २० एप्रिलचं काय? १८८९ साली त्या दिवशी हिटलर जन्मला. त्या तारखेला मुलगा झाला की बापाला योग आठवत नाही, एकदम आजोबांचं नाव आठवतं.

बरं, तारीख तरी खरी असते का? आम्ही बँकवाले या बाबतीत फार संशयी. आमच्याकडे पेन्शन घ्यायला येणाऱ्या जुन्या मंडळींच्या जन्मतारखा पाहाव्यात. पाहावं त्याची १ जून. सगळ्या कोकणात एकाच दिवशी एवढी बाळंतपणं झाली असती तर सुईणींना संपच करावा लागला असता. खरी गोष्ट एवढीच, की शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता यायची नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तर वयाचा हिशेब जुळवून १ जून टाकून द्यायचे. हल्ली आमचा कॉम्प्युटर १ जूनला सकाळी या सगळ्यांना शुभेच्छांचा संदेश पाठवतो आणि हे म्हातारे तो घेऊन खिडकीवर विचारायला येतात, "साहेब, ह्ये कसलं कर्ज?" नर्गिसचा जन्म १ जून १९२९चा. आमचे निम्मे पेन्शनर नर्गिसच्या वाढदिवशी जन्मलेत, पण त्यांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर तो योग दिसत नाही.

इतकं सगळं मला ठाऊक असूनही ही साथ आमच्या घरात शिरली. भाच्याला मुलगा झाला. इस्पितळातून त्याचा फोन आला.

"मामा, मुलगा! आणि तारीख बघ, अठरा एप्रिल! आज कोण जन्मलंय सांग पाहू."

"महर्षी कर्वे," मी म्हटलं. "१८५८ सालचा जन्म. आपल्याच जिल्ह्यातले, खेडकडच्या शेरवलीला जन्मले, राहणार मुरुडचे. विधवांसाठी आश्रम काढला, बायकांसाठी विद्यापीठ काढलं. शंभराव्या वर्षी भारतरत्न घेतलं आणि त्यानंतरही चार वर्षं जगले."

"अरे वा! मग ठरलंच की. त्यांचं पहिलं नाव काय रे?"

"धोंडो."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली. आमच्याकडे ती जातेच.

माझा खरा राग इथं आहे. जयंती पाहिजे, माणूस पाहिजे, भारतरत्नही पाहिजे, फक्त नाव नको! ७ मेला रवींद्रनाथ टागोर जन्मले आणि आमच्या जिल्ह्याचे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणेही जन्मले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिण्यात त्यांनी आयुष्य घातलं, १९६३ साली भारतरत्न झाले. पण ७ मेचा बाप यादीतून रवींद्र उचलतो. पांडुरंग कमरेवर हात ठेवून जिथल्या तिथं उभा.

आणि धोंडोला हसू नये. धोंडू, दगडू, कचरू ही नावं ठेवणाऱ्या आयांची आधीची एक-दोन मुलं गेलेली असायची. हे मूल किमती आहे असं नियतीला कळू नये, म्हणून त्याला दगड म्हणायचं, कचरा म्हणायचं. त्या नावात एवढीच विनवणी असे, की हा जगू दे. पुढं तो कुणी थोर व्हावा अशी अट नव्हती. आज मूल जगणार याची खात्री झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण खात्री झाल्याबरोबर आपण अटी वाढवल्या.

तर भाच्यानं धोंडो नाकारला आणि यादीत खाली खाली सरकत शेवटी क्रिकेटपटू के. एल. राहुलवर बोट ठेवलं. जन्म १८ एप्रिल १९९२. "राहुल!" त्यानं जाहीर केलं. तेवढ्यात माझी आई, म्हणजे बाळाची पणजी, म्हणाली, "अरे मेल्या, गोपाळ ठेव. हाक मारली की देवाचं नाव तोंडात येतं." सगळे हसले. तिलाही जुनं खातं समजून बंद करण्यात आलं.

मी कॉमर्सचा माणूस. कुठलीही नोंद दिसली की ती मूळ व्हाउचरपर्यंत मागं नेऊन बघायची खोड. म्हणून या राहुलचा मी माग काढला. असं सांगतात, की के. एल. राहुलचे वडील सुनील गावसकरचे भक्त. गावसकरच्या मुलाचं नाव आपल्या मुलाला द्यायचं त्यांनी ठरवलं, पण ते नाव राहुल आहे असा त्यांचा समज झाला. ते होतं रोहन. बरं, गावसकरनं रोहन कुठून आणलं? वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून. त्या मुलाचं पुरं नावच रोहन जयविश्व : रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ हे तीन आवडते खेळाडू एका पोरात बसवलेले. कन्हाय जन्मला गयानात. त्याचे पूर्वज हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यात काम करायला गेलेले, आणि जाताना सोबत काय नेलं, तर कन्हाय हे नाव. कन्हाय म्हणजे कन्हैया. कन्हैया म्हणजे?

गोपाळ! भाचा इस्पितळातून बेंगळूर, मुंबई, गयाना असं करीत थेट गोकुळात पोचला. पणजीनं तेच कॉटपाशी बसून अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं.

याचा अर्थ थोरांवरून नावं ठेवूच नयेत असा नव्हे. गावसकरचंच पाहा ना. त्याचा मुलगा जन्मला २० फेब्रुवारीला आणि ज्या तिघांवरून नाव ठेवलं त्यांपैकी एकाचाही वाढदिवस त्या दिवशी नाही. रमेश तेंडुलकरांना सचिनदेव बर्मन यांचं संगीत आवडायचं. बर्मन १ ऑक्टोबरचे, तेंडुलकरांचा सचिन २४ एप्रिलचा. तारखेशी तारीख जुळत नाही, आणि संगीतातल्या माणसाचं नाव घेतलेला पोरगा बॅट घेऊन निघाला तरी कुणी त्याला पेटीवर बसवलं नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याचं नाव द्यावं आणि मुलाला मोकळं सोडावं, ही झाली रीत. यादीतल्या ज्या माणसाबद्दल आपण काल रात्रीपर्यंत एक अक्षर ऐकलं नव्हतं, तो आज पहाटे आपला आदर्श होतो, याला प्रेम म्हणत नाहीत. याला आम्ही बँकेत 'अनोळखी जामीनदार' म्हणतो आणि अर्ज परत करतो.

तुम्ही म्हणाल, पूर्वी तरी दुसरं काय होतं? रामनवमीला राम, गोकुळाष्टमीला कृष्णा, दत्तजयंतीला दत्तात्रय. तीसुद्धा जयंतीचीच नावं! बरोबर आहे. पण त्या जयंतीला गावभर उत्सव असायचा, सुंठवडा वाटलेला असायचा, नाव ठेवण्याआधीच ते सगळ्यांच्या तोंडात असायचं. अजामिळानं मरताना मुलाला हाक मारली, "नारायणा", आणि तेवढ्यावर तो तरून गेला. एका हाकेत दोन कामं! आणि मुख्य म्हणजे देवाचं नाव मुलावर ओझं घालीत नाही. राम नावाच्या मुलाला कुणी चौदा वर्षं वनवासाला जा म्हणत नाही. पण सचिन नावाच्या मुलानं शाळेच्या मैदानावर झेल सोडून पाहावा! सगळं मैदान त्याला त्याचं नाव आठवून देतं.

मुलींच्या बाबतीत तर हा तारखांचा खेळ अगदीच उघडा पडतो. एक तर यादीत बायका थोड्या. त्यातून ३१ मार्च घ्या. त्या दिवशी आम्हा बँकवाल्यांना स्वतःचंही नाव आठवत नाही, पण १८६५ साली त्याच दिवशी डॉ. आनंदीबाई जोशी जन्मल्या. म्हणून ३१ मार्चच्या मुलीचं नाव ठेवायचं आनंदी. पण त्या दिवशी जी मुलगी जन्मली, तिचं नाव होतं यमुना! आनंदी हे नाव तिला नवव्या वर्षी लग्नात मिळालं. तारीख माहेरची आणि नाव सासरचं, यांचा ताळा जमायचा कसा? आमच्या खिडकीवर अजूनही बायका येतात, हातात प्रतिज्ञापत्र घेऊन, की माहेरच्या कागदावरची ती आणि सासरच्या कागदावरची ती, दोन्ही मीच. आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला त्यांना स्टॅम्पपेपर लागतो. एवढं सगळं पाहिल्यावर मला वाटतं, की मुलीला नाव द्यायचं तर ते तिच्या मालकीचं द्यावं. कुणाच्या जयंतीचं भाड्यानं आणलेलं नको, आणि पुढं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं पुसून टाकण्यासारखंही नको.

आता शेवटचा पुरावा खास रत्नागिरीचा. २३ जुलै १८५६ला आमच्या गावात गंगाधरपंत टिळक या मास्तरांना मुलगा झाला. मास्तरांनी दिनविशेष पाहिला नाही. पणजोबांचं केशव हे नाव होतं, ते ठेवलं. आता २३ जुलैला शाळाशाळांतून भाषणं होतात, टिळक आळीतल्या जन्मस्थानी हार घालतात. पण केशव कुणी म्हणतं का? घरात त्या मुलाला सगळे बाळ म्हणायचे, आणि जगाच्या इतिहासात नोंद झाली ती बाळ गंगाधर टिळक अशीच. बाळ! जे नाव प्रत्येक पाळण्यातल्या प्रत्येक पोराला फुकट मिळतं, ज्यात कुणाची पुण्याई जमा नाही, कुणाची उधारी नाही. लोकमान्य हे पुढं लोकांनी व्याजासकट दिलं. आधी खातं शून्यावर उघडलं होतं म्हणून त्यात जे जमलं ते त्यांचं स्वतःचं होतं.

आमच्याकडे यथासांग बारसं झालं. बायकांनी पाळण्याखालून-वरून बाळाला देता-घेता गोविंद म्हटलं, गोपाळ म्हटलं, मग आत्यानं कानात कुर्र करून राहुल सांगितलं. जन्मदाखल्यावर राहुल लागला. पण आज दोन महिने झाले, बहीण त्याला बाळ म्हणते, आई बाळ्या म्हणते आणि खुद्द भाचाही मध्यरात्री त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना "बाळा, झोप रे आता" असंच विनवतो. के. एल. राहुलचं नाव त्याला त्या वेळी आठवत नाही.

पोराची तारीख अठरा एप्रिल असली तरी नाव तेवीस जुलैचंच लागलं आहे.