आरशाला झुकू द्या



गच्चीवर अडगळीत पडलेली सूर्यचूल तुमच्यापैकी कितीजणींकडे आहे? आमच्याकडे होती. सासूबाईंनी अनुदानावर घेतलेली पेटी, आत काळे डबे. "थंडीत हिच्यात डाळ शिजत नाही" म्हणून तिच्यावर पापड वाळायला लागले. मीही उन्हालाच नावं ठेवायचे. खरी अडचण झाकणाच्या आरशात होती. त्याची कडी एकाच कोनात अडकायची.

आमच्या सांगलीत मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आरसा काचेएवढाच लांब असेल तर तेव्हा तो मागे चांगला झुकवावा लागतो, काचेपासून साधारण १२० अंश. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडे ५० अंशांवरच असतो. मग आरसा जवळजवळ उभा हवा, ९० च्या किंचित पुढे. उन्हाळ्याच्याच कोनात ठेवला तर सगळी तिरीप पेटीवरून शेजारणीच्या गच्चीवर!

म्हणून माझं मत असं, की घरी रिफ्लेक्टर करताना तो मोठा करण्याच्या मागे लागू नका, हलता करा. मी खोक्याचा जाड पुठ्ठा काचेच्या मापाने कापला आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलने त्यावर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली. फॉइलची कुठली बाजू वर, यावर डोकं शिणवू नका, फरक अगदी थोडा आहे. सुरकुत्या मात्र टाळा, त्यांनी ऊन विखुरतं. मागून आधाराला काठी, काठीला चार-पाच खाचा, बुडाशी वीट. कोन मोजायचीही गरज नाही. उजेडाचा चौकोन पूर्ण काचेवर पडेपर्यंत खाच बदलायची, झालं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने पेटी थोडी फिरवावी लागते. तेवढं सासूबाई करतात. आता हिवाळ्यातही अकराला ठेवलेली तूरडाळ दोनपर्यंत मऊ होते.

व्हिडिओ बघून जुन्या डिश अँटेनाला फॉइल लावायचं काहीजणींच्या मनात असतं. माझा त्याला विरोध आहे. खोलगट तबकडी ऊन एका ठिकाणी गोळा करते. तिथे डोळे गेले किंवा लेकराचा हात गेला तर? घरगुती हातांना सपाट पुठ्ठाच बरा.

हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावरून पाचला घरी येणाऱ्या सुनेला त्याआधी सगळ्यांची पानं वाढायची असतात. डाळ शिजलेली असली, की फोडणी देऊन खळखळून उकळली, भाकरी टाकल्या, की झालं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, तेव्हा तर डाळी-कडधान्यांचाच दिवस.

पण "सूर्यचूल म्हणजे हिंसा शून्य" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. पाणी गाळायचं, धान्य निवडायचं चुकत नाही. पेटीखालच्या सावलीत मुंग्या जमतात, ती सरकवण्याआधी वाकून बघावंच लागतं.

आणि नियम सर्वांत कडक असतात त्या चातुर्मासातच ऊन दडी मारतं. तेव्हा पेटी झाका आणि पुठ्ठा घरात आणा. गेल्या आषाढात माझा पहिला रिफ्लेक्टर एका रात्रीत भिजून लगदा झाला.